मला न विचारता काही न करणारं यंत्र

मेइनोंग, ५ जानेवारी

युनशेंग,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढे नुसता राग आहे.

यंदा फेब्रुवारीतल्या आपल्या नववर्षानंतर, आभाळाला भोक पडायच्या सणाच्या दिवशी, देवळासमोर माझी डोंगरगाणी लावायची, असं देवस्थानाच्या चुंग अध्यक्षांनी ठरवलंय. तू शिंचूला गेल्यापासून त्या दिवशीही कामावर जातोस, म्हणून आठवण करून देते: त्या दिवशी आपण हाक्का माणसं सुईलासुद्धा हात लावत नाही. केलेलं काम भोकातून गळून जातं. त्या दिवशी फक्त गायचं असतं.

तर अध्यक्षांनी मला रेकॉर्डिंगसाठी काओशुंगच्या एका स्टुडिओत पाठवलं. काचेच्या खोलीत उभी राहून गायले. गाणं संपल्यावर तिथल्या मुलाने मला पडद्यावर एक वाकडी रेघ दाखवली. म्हणाला, "आजी, इथे तुमचा स्वर खाली घसरलाय. पण काळजी करू नका, मी यंत्राने सरळ केलाय." केलाय! विचारलंसुद्धा नाही! मी म्हटलं, "बाळा, तो घसरलेला नाही, घसरवलेला आहे. उतारावरच्या शेतातून हाक मारली की ती अशीच जाते. तुझी आई तुला जेवायला सरळ रेघेत बोलावते का?" चपला घातल्या आणि बस पकडली.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी नूडल्सच्या दुकानात, सगळ्यांसमोर, अध्यक्षांनी विचारलं की मग आता काय. आणि मी बोलून बसले, "माझ्या घरी करीन. माझ्या तंबाखूघरात, पूर्वी पानं सुकवायचो तिथे. मीच करीन." दुकान असं हसलं की काही विचारू नकोस. आता करून दाखवलं नाही तर मला त्या दुकानासमोरून जायची सोय राहणार नाही.

कॉम्प्युटर कोणता घेऊ ते कळव. तो शांत असला पाहिजे. आणि मला न विचारता त्याने काहीही करता कामा नये.

फोन करू नकोस. फोनवर तू लाह्या फुटल्यासारखा बोलतोस. कागदावर तरी शहाणा असतोस.

छिउमोई आत्या

* * *

शिंचू, ११ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एवढा हसलो की शेजारचा आपला डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. रविवारी न राहवून फोन लावला होता, नुसती घंटा वाजत राहिली. शेतात होतीस ना?

आता कामाचं. कॉम्प्युटर म्हणजे घर समज, आणि आतली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्या घरचा कारभारी. घर कुठलंही घे, दिवसभर संबंध येणार तो कारभाऱ्याशी.

पहिला कारभारी रुबाबदार. खाल्लेलं सफरचंद ज्या लॅपटॉपवर असतं तिथेच तो नोकरी करतो, दुसऱ्याच्या घरात पाय ठेवत नाही. गाणी रेकॉर्ड करणारे कितीतरी लोक त्याच्याच भरवशावर असतात. त्यांच्या एका लॅपटॉपमध्ये पंखाच नाही, म्हणजे आवाजाचा प्रश्न मिटला. दुसरा कारभारी सगळीकडे भेटतो, छीशानच्या फूच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तर रांगेने मिळतील. हरतऱ्हेच्या माइकशी त्याची ओळख. पण त्याला स्वतःला सुधारून घ्यायची भारी हौस, त्यासाठीची वेळ आपण आधी बांधून द्यावी लागते. तिसरा फुकट मिळतो, त्याच्या पाटीवर पेंग्विन असतो. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून घडवलाय, मालक असा कुणीच नाही. तू सांगशील तेवढंच करतो, त्याबाहेर बोटसुद्धा हलवत नाही. पण त्याला नीट सांगावं लागतं. नुसतं "हं" केलं तर कळत नाही. शिवाय काही माइकना तो ओळखच देत नाही, त्यामुळे त्याच्या परिचयातला माइक घ्यावा लागेल. त्याचं नाव मागच्या बाजूला लिहिलंय.

माझं मत विचारशील तर सफरचंद घे. पैसे मी देतो. लहानपणी तू मला जेवढे नूडल्स खाऊ घातलेस त्यांचे समज.

युन

* * *

मेइनोंग, २० जानेवारी

युनशेंग,

नूडल्सचे पैसे देणारा आलाय मोठा! तुझ्या पैशांच्या यंत्रावर गायले तर ते गाणं माझं म्हणायचं की तुझं? पुन्हा हा विषय काढलास तर नववर्षाला तुझ्या ताटात नुसता भात वाढीन.

कारभारी मी निवडला. पेंग्विनवाला. ज्याचा मालक कुणी नाही त्याची मालकीण मी. नीट सांगावं लागतं म्हणालास, तर तुझे आतोबा चाळीस वर्षं "हं"वर भागवत होते आणि मी त्यांनाही नीट बोलायला लावलं होतं.

मग छीशानला गेले. फूने आधी एक काचेचा डबा काढला, आत निळे, जांभळे, लाल दिवे. देवळात ठेवला तर लोक उदबत्त्या लावतील. हात ठेवला तर सगळा डबा आंघोळ घातलेल्या कुत्र्यासारखा थरथरत होता. नको म्हटलं. तुझ्या सफरचंदावरही हात ठेवून पाहिला. थंडगार, स्तब्ध. वस्तू उत्तम आहे, खोटं कशाला बोलू. पण एवढ्या गुळगुळीत वस्तूला माझ्या तंबाखूघरात करमणार नाही.

कोपऱ्यात एक छोटा काळा डबा होता, कुठल्याशा शाळेच्या ऑफिसातून जुना म्हणून आलेला. वरच्या अंगाला जाळी. त्याच्यावर हात ठेवून फूचा चहा संपेपर्यंत बसले. झोपलेल्या मांजराचं पोट हलतं, तेवढंच हलत होतं. फू म्हणाला, "आत्या, ऐका तरी किती शांत चालतो." मी म्हटलं, "ऐकलं." आणि घेतला. माइकही तू लिहिलेलाच घेतला.

आता नववर्षाला येशील तेव्हा त्या पेंग्विनला आत बसव. बाकीचं मी शिकेन.

आत्या

* * *

शिंचू, १४ फेब्रुवारी

आत्या,

सुखरूप पोहोचलो. तू दिलेल्या सुकवलेल्या मुळ्याच्या वासाने आगगाडीचा अख्खा डबा माझ्याकडे बघत होता.

सगळं उत्तम बसलंय. तंबाखूघराच्या त्या जाड मातीच्या भिंती पाहून स्टुडिओवाले जळतील. लाल गोल दाबलास की रेकॉर्डिंग सुरू, चौकोन दाबलास की बंद, आणि प्रत्येक गाण्यानंतर जपून ठेवायला विसरू नकोस. पेंग्विन आपणहून ठेवणार नाही. तुझीच अट.

कॉम्प्युटरवर मी ती हिरवी पुडी ठेवलीय, तिला हलवू नकोस. हसू नकोस हं. आमच्या कारखान्यात एवढे शिकलेले लोक, पण प्रत्येक मशीनवर "शहाण्यासारखं वाग" लिहिलेली ही कुरकुऱ्यांची पुडी असतेच. हिरवीच लागते, कारण हिरवा दिवा म्हणजे मशीन चालू. पिवळी ठेवली की मशीन रुसतं, आणि तारीख उलटलेली ठेवली तर विचारूच नकोस. मी नवी आणलीय, वर्षभर चालेल. फक्त खायची नाही.

एक विचारू? नववर्षाच्या जेवणाला मी तुझ्याशेजारी बसून नव्या कामाबद्दल किती सांगत होतो, आणि तू भात वाढत राहिलीस. "आत्या, इथे आवडेल का तुला राहायला, शिंचूला?" असं विचारलं तर म्हणालीस, "अजून सूप घे." पैशांचा विषय काढला म्हणून रागावलीस का? रागावली असशील तर सरळ शिव्या दे. तुझी शांतता मला सोसत नाही.

युन

* * *

मेइनोंग, १८ फेब्रुवारी

युनशेंग,

मी तुझ्यावर रागावले तर तुला कळेल, अख्ख्या मेइनोंगला कळेल. डोक्यात गाणी घोळत होती, बाकी काही नाही. आणि सूप छान झालं होतं, म्हणून घे म्हटलं.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये बारा गाणी आहेत. सगळी मी एकटीने केली. पहिल्या दिवशी पेंग्विनने मला काहीतरी विचारलं आणि मी घाबरून तंबाखूघराचं दार लावून घरी आले. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर तो बिचारा तसाच उत्तराची वाट बघत होता. तेव्हाच मला तो आवडला. चुकून एक गाणं न जपता बंद केलं, तेव्हा "खरंच का?" असंही त्याने विचारलं. त्या स्टुडिओतल्या मुलाला याच्याकडे शिकवणीला पाठवायला हवं.

खोली अशी शांत आहे की मुंगी चालली तर ऐकू येईल.

गाणी ऐक, आणि कुठे काही वाटलं तर लिही. पण स्वरांना हात लावायचा नाही. ऐकून झाल्यावर एक प्रत अध्यक्षांना पाठवीन. नूडल्सच्या दुकानात मी आधीच सांगून टाकलंय की गाणी तयार आहेत. तिथे आता कुणी हसत नाही.

आत्या

* * *

शिंचू, २१ फेब्रुवारी (तातडीच्या टपालाने)

आत्या,

अध्यक्षांना गाणी अजून देऊ नकोस.

गाणी काय झालीत, ते नंतर सांगतो. पण प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला जरा बरं असतं आणि मग एक खरखर सुरू होते. कुणी शेजारी बसून कागद चुरगळतंय अशी. गाणं जसं लांबतं तशी ती वाढते. पाचव्या गाण्यात तर तुझ्या आवाजाइतकी मोठी आहे. लाउडस्पीकरवर लावली तर लोक म्हणतील आत्या पावसात उभी राहून गातेय.

मला वाटतं पेंग्विनचं आणि माइकचं कुठेतरी बिनसलंय. मी काही गोष्टी लिहून पाठवतोय, त्या करून बघ. नाही जमलं तर मी शनिवारी येऊन दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवतो. किंवा यंत्राने ती खरखर पुसून टाकता येईल, पण तसं केलं की तुझ्या आवाजाची वरची धारही थोडी जाते. तुला विचारल्याशिवाय करणार नाही.

रेकॉर्ड झाल्यावर तू हेडफोन लावून ऐकलं होतंस ना? मग तुला ती खरखर ऐकू आली नाही का?

युन

* * *

मेइनोंग, २३ फेब्रुवारी (तातडीच्या टपालाने)

युनशेंग,

खरखर तुझ्या कानात असेल! दिवसभर कारखान्यात मशीनशेजारी बसतोस, तेव्हा आणखी काय होणार.

तू लिहिलेलं सगळं करून पाहिलं. पेंग्विनची काही चूक नाही. तो गरीब आहे, त्याच्यावर कशाला घेतोस? दुसरा कारभारी आणायचा नाही. पुसायचं तर मुळीच नाही. आवाजाची धार गेली तर राहिलं काय, खोबरं काढलेली करवंटी?

खोलीत खरखर करणारं काही नाही. टेबल, माइक, काळा डबा, मी. तुझ्या पुडीला मी धक्का लावलेला नाही, जाळीवर जशी ठेवलीस तशीच आहे. उलट यंत्र तापलं की ती फुगते आणि फडफडते. परवा डोळ्यांच्या कोपऱ्यातून थरथरताना दिसली तर मला वाटलं उंदीर शिरला. गाणं थांबवून बघितलं, तर नुसती पुडी. म्हणजे तुझी पुडी इमानाने काम करतेय. मीही करतेय.

खरंच खरखर असली आणि ती गेली नाही, तर मी स्वतः अध्यक्षांकडे जाईन आणि सगळ्यांसमोर सांगेन की जमलं नाही. हसू देत. पण माझ्या गळ्यातून जे निघालं त्यात कुणी ढवळाढवळ करणार नाही.

आत्या

* * *

शिंचू, २५ फेब्रुवारी (तातडीच्या टपालाने)

आत्या,

आधी हसून घे. गुन्हेगार सापडला. पेंग्विन निर्दोष आहे, माइक निर्दोष आहे. गुन्हेगार मी आहे आणि माझी पुडी आहे.

यंत्र तापलं की पंखा जोर धरतो आणि त्याची हवा वरच्या जाळीतून बाहेर पडते. तिथेच मी पुडी ठेवून आलो. आमच्या कारखान्यातल्या मशीनना जाळी समोरून असते, म्हणून पुडी वर चालते. तिथे ठेवतो तशी इथेही ठेवली, बघितलंसुद्धा नाही. ती उचल, आणि परत एकदा गा. वेळ आहे अजून.

तुझं पत्र मी परत परत वाचलं. पुडी थरथरताना तुला दिसली. गाणं थांबवून, तिच्यासमोर उभी राहून तू तिला पाहिलंस. आणि ऐकली नाहीस.

मग बाकीचं आठवलं. उचलला न जाणारा फोन. फूच्या दुकानात यंत्रांवर ठेवलेला हात. भात, सूप. आणि मी म्हणत होतो आत्या रागावलीय. माझ्याएवढा मठ्ठ माणूस आपल्या घराण्यात दुसरा झाला नसेल.

कधीपासून ते तुला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही सांगितलंस तरी चालेल. पण एक गोष्ट मी तुला न विचारता केली, ती सांगून टाकतो. माझ्याकडे बाबांची जुनी कॅसेट आहे, मी शाळेत होतो तेव्हाची. आभाळाला भोक पडायच्या दिवशीच त्यांनी केलेली, तंबाखूच्या शेतात, तू पलीकडच्या उतारावर उभी राहून गातेस ती. त्यातलं एक गाणं आणि परवाच्या पेनड्राइव्हमधलं तेच गाणं मी पडद्यावर एकाखाली एक लावलं. त्या मुलाने दाखवली तशी रेघ दोन्हींची काढली. मग एक रेघ दुसरीवर ठेवली.

आत्या, जिथे तेव्हा वाकत होतीस तिथेच आज वाकतेस. तेवढीच वाकतेस. मला वाटलं होतं थोडंफार इकडचं तिकडे झालं असेल, एवढी वर्षं गेली, आणि कान... पण नाही. एका रेघेने दुसरी पुरती झाकली. मी ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवलं, साहेबांना दाखवलं, कँटीनमध्ये ताटं उचलणाऱ्या मावशींना दाखवलं. म्हटलं, ही माझी आत्या. आजवर कशाचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

सणाच्या दिवसाची सुट्टी मिळाली नाही. मी नसलो तरी ताठ उभी राहा. आपल्या हाक्का लोकांना उगाच ताठ मानेचे म्हणत नाहीत.

तुझा युन

* * *

मेइनोंग, २ मार्च

युनशेंग,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कांद्याची पात चिरत होते. वाचलं, पात तशीच ठेवली, तंबाखूघरात गेले आणि पुडी उचलली. मग तिथेच बसून फोडली आणि सगळी खाऊन टाकली. मशीनवरची पुडी खायची नसते, माहीत आहे. पण त्या खोलीत कुणाला शहाण्यासारखं वाग म्हणायचं असेल तर ते मी म्हणेन. तशी चवीला बरी होती, थोडी सादळलेली.

आता कानांचं. डावा गेल्या उन्हाळ्यापासून काही कामाचा नाही, उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. समोर बसून हळू बोललास तर ओठांवरून कळतं. डॉक्टर म्हणतात कानात घालायचं यंत्र घ्या. मी त्यांना विचारलं की ते माझा स्वर सरळ करेल का. त्यांना प्रश्न कळला नाही, म्हणून अजून घेतलेलं नाही. त्यांना नीट विचारायला तू ये.

तुला सांगितलं नाही, कारण तू मला शिंचूला नेऊन खुर्चीत बसवलं असतंस. आणि आणखी एक कारण होतं. त्या मुलाने पडद्यावर रेघ दाखवली तेव्हा मी त्याला एवढं बोलले, पण परतीच्या बसमध्ये रडले. मला ऐकून ठरवता येत नव्हतं, युन. मी वाकवतेय की माझा स्वर खरंच घसरतोय, हे आता कुणाला विचारणार? सगळ्यांसमोर घरी करीन म्हणाले, ते त्या भीतीच्या तोंडावर म्हणाले.

तुझं रेघेवर रेघ ठेवलेलं वाचलं, आणि त्यानंतर पुन्हा सगळी गाणी गायले. छातीवर हात ठेवून. एकही थांबवावं लागलं नाही. पेंग्विनने शेवटी विचारलं, जपून ठेवू का. मी त्याला मोठ्याने सांगितलं, ठेव.

परवा देवळासमोर सगळं गाव होतं. नूडल्सचं दुकान बंद, कामाला हात लावायचा नाही म्हणून सगळे निवांत. लाउडस्पीकरचं मोठं काळं खोकं लावलं होतं. मी पुढे जाऊन त्याला तळहात लावून उभी राहिले. लोकांना वाटलं म्हातारी दमली, कुणीतरी खुर्ची आणली. मी बसले नाही. पहिलं गाणं लागलं आणि हाताला पुरतं कळलं. मग उताराची जागा आली. हाताखाली ते खोकं लचकलं. जिथे लचकायला हवं तिथे, तेवढंच. मी वळून पाहिलं तर पलीकडच्या बायकांचे ओठ हलत होते. त्या माझ्याबरोबर गात होत्या, आणि त्याही तिथेच वाकत होत्या.

गाणी संपल्यावर चुंग अध्यक्ष माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, आणि मी त्यांचे ओठ नीट पाहिले: "छिउमोई, शेवटी कुठल्या स्टुडिओत केलंस?"

"माझ्या," म्हटलं.

आत्या